नव्या फिल्टरची पहिली हवा

गाडीच्या एसीचा फिल्टर घरीच बदलायचा, असं रामहरीनं शुक्रवारी संध्याकाळी ठरवलं, आणि शनिवारी सकाळी आठ वाजता गाडीच्या पोटातलं निम्मं सामान सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्याच्या दारात चटईवर मांडलेलं होतं. निर्णय तसा लहानच होता. रामहरीचे सगळेच निर्णय लहान असत. मोठे निर्णय घरात रेश्मा घेई, कारखान्यात शेठ घेत, आणि त्यातूनही एखादा उरलाच तर रामहरी तो पुढच्या आठवड्यावर ढकली.

रामहरी एका टॉवेल कारखान्यात स्टोअरकीपर होता. अठ्ठावीस वर्षं तो लोकांना बेअरिंग, पट्टे आणि स्क्रू मोजून देत आला होता, पण त्यातला एकही स्क्रू स्वतः कुठं बसवायची पाळी त्याच्यावर आली नव्हती. (बँकेतला कॅशियर श्रीमंत असतोच असं नाही, त्यातलाच हा प्रकार.)

गॅरेज होतं की. पण गॅरेजवाला म्हणाला मंगळवारी या, आणि रामहरीला जायचं होतं रविवारी. दुधनीपासून चार किलोमीटरवरच्या वस्तीवर, धाकट्या बहिणीला आणायला.

चांगुणाचा नवरा कोंडीबा जाऊन सोळा दिवस झाले होते. कांद्याची गोणी टेम्पोत चढवता चढवता त्याच्या छातीत कळ आली, आणि दवाखान्याची पायरी चढायच्या आत सगळं आटोपलं. तेराव्यानंतर चांगला वार बघून माहेरच्या माणसांनी लुगडं घेऊन जायचं, दुखवटा काढायचा आणि लेकीला चार दिवस माहेरी आणायचं, अशी त्यांच्याकडं रीत. आईवडील केव्हाच गेलेले. तेव्हा माहेर म्हणजे रामहरी.

माहेर तयार होतं. लेक येईल का, हा प्रश्न होता. मातीच्या दिवसापासून चांगुणा भावाशी एक शब्द बोलली नव्हती.

त्या दिवशी कोंडीबाला उचलायच्या आधी भावकीतल्या बायकांनी चांगुणाला सोप्यात मधोमध बसवलं. कपाळ पुसायला, बांगड्या फोडायला. बायकांच्या त्या गर्दीतनं तिनं मान उंच करून अंगणाकडं बघितलं, भावाला शोधलं आणि हाक मारली, ‘‘दादा!’’ एकदाच. अंगणातल्या सगळ्या पुरुषांनी ती ऐकली, आणि सगळ्यांनी रामहरीकडं बघितलं.

असल्या रिती बंद केलेल्या गावांच्या बातम्या रामहरी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचून दाखवी. वाचून झाल्यावर ‘‘असंच पाहिजे!’’ असंही म्हणे. पण त्या दिवशी, त्या अंगणात, तो खाली वाकला आणि अंगठा दाबून आपल्या गाडीच्या टायरातली हवा बघू लागला. हवा बरोबर होती. मग त्यानं दुसरा टायर बघितला. चौथ्या टायरापर्यंत पोचला तेव्हा बांगड्यांचा आवाज थांबला होता.

नंतर त्यानं नऊ वेळा फोन केला. नऊही वेळा चांगुणाच्या सासूनं, मथुराबाईंनी, उचलला. ‘‘आता भाकरी थापतीया.’’ ‘‘आता शेळीला पाला टाकतीया.’’ ‘‘आता जरा पडलीया.’’ नवव्या वेळी मात्र म्हातारीकडची कामं संपली. ती म्हणाली, ‘‘रामभाऊ, हितंच बसली हाय माझ्याजवळ. पर बोलायची न्हाय म्हनती.’’

माणसाला माफी मागायची असली की शब्द लागतात. रामहरीच्या स्टोअरमध्ये सगळं होतं, तेवढेच नव्हते. मग त्याला गेल्या दिवाळीची गोष्ट आठवली. चांगुणाला दम्याचा त्रास. दिवाळीला तो तिला गाडीतनं सोडायला गेला, कौतुकानं एसी लावला, आणि ओल्या फडक्यासारखा वास येऊन ती अक्कलकोटपर्यंत खोकत राहिली. उतरताना म्हणाली होती, ‘‘दादा, तुझ्या गाडीपरीस यष्टी बरी. तितं धूळ खिडकीतनं तरी येती. हितं यंत्रातनं येती.’’

म्हणजे एसीचा फिल्टर खराब होता. आणि फिल्टर दुकानात मिळतो.

शुक्रवारी संध्याकाळी तो स्पेअर पार्टच्या दुकानात गेला. दुकानदारानं कागदाच्या घड्याघड्यांची ती पांढरीशुभ्र चौकट त्याच्या हातात ठेवली आणि त्याच्याकडं खालीवर बघितलं. ‘‘लगाने कू आता क्या तुमकू?’’

‘‘व्हिडिओ बघून लावतो.’’

‘‘फिर दस मिनट का काम है, चचा. बस, भिगाना नक्को. कागज है वो.’’

ही सूचना रामहरीनं मनात पक्की नोंदवून ठेवली. पुढं जे घडलं त्यात ह्या नोंदीचा वाटा मोठा आहे.

व्हिडिओतल्या पोरानं फिल्टर खरंच दहा मिनिटांत बदलला होता. रामहरीनं तो व्हिडिओ अकरा वेळा बघितला आणि एका कोऱ्या कागदावर कृती क्रमानं उतरवून काढली. पहिली पायरी, डाव्या सीटसमोरचा कप्पा रिकामा करणे, इथंच तीन तास गेले. कारण कप्प्यात निघालेली प्रत्येक वस्तू ओळखल्याशिवाय चटईवर ठेवायची नाही, हा स्टोअरचा नियम. ‘‘हे झाकण कशाचं?’’ तो दर पाच मिनिटांनी विचारी, आणि रेश्मा स्वयंपाकघरातनं उत्तर देई, ‘‘तुमच्या डोक्याचं आसंल. बघा बसतंय का.’’

दुसरी पायरी, कप्प्याच्या दोन्ही भिंती आत दाबून तो खाली ओढणे. रामहरीनं दाबल्या. कप्पा हलेना. त्यानं रेश्माला बोलावलं. एक भिंत त्यानं दाबली, दुसरी तिनं. ‘कट्ट’ असा आवाज झाला आणि कप्पा दोघांच्या मांडीवर आला.

‘‘ह्यो आवाज त्या व्हिडिओत व्हता का?’’ रेश्मानं विचारलं.

‘‘व्हिडिओत गाणं लावलं होतं,’’ रामहरी म्हणाला.

आतलं झाकण काढून त्यानं जुना फिल्टर ओढला, आणि त्याबरोबर जे बाहेर आलं ते दोघांनी वाकून बघितलं. काळीकुट्ट धूळ, लिंबाचा वाळका पाला, आणि त्यावर एक उंदराचं घरटं. गुलाबी आणि पोपटी सुताचं. रामहरीनं रंग ओळखला. गेल्या वर्षीच्या मार्चमधला लॉट. त्याच्याच कारखान्यातनं, त्याच्याच गाडीत बसून आलेलं सूत.

‘‘तुमी आपल्या घराला रंग द्यायचा म्हणताय चार वर्षं,’’ रेश्मा म्हणाली, ‘‘आन उंदीर बघा.’’

पण रामहरी हसला नाही. ती काळी चौकट मांडीवर घेऊन तो पायरीवर बसून राहिला. ह्यातनं आलेली हवा दम्याच्या बहिणीला त्यानं तासभर पाजली होती, आणि ती खोकत असताना वर विचारलं होतं, ‘‘अजून गार करू का?’’

जेवणानंतर नवा फिल्टर बसवायची वेळ आली, आणि रामहरी उठून देवघरातनं हळदकुंकवाची कोयरी घेऊन आला.

‘‘अवो, हे काय?’’ रेश्मा म्हणाली. ‘‘दुखवट्याला जायच्या गाडीला हळदकुंकू?’’

‘‘गाडीला कसलं आलंय सुतक? पार्ट नवीन आहे. अठ्ठावीस वर्षांत हळदकुंकू लावल्याबिगर एक पार्ट माझ्या स्टोअरमधनं बाहेर गेलेला नाही. बेल्ट तुटला नाही, का कुणाचं बोट गेलं नाही.’’

‘‘मग वल्ल्या बोटानं लावा जरासं.’’

‘‘ओलं चालत नाही. कागद आहे.’’

आता नीट लक्ष द्या, कारण काळजी घेणाऱ्या माणसाची चूक नेहमी अशीच पायरीपायरीनं होते. ओलं चालत नाही, म्हणून त्यानं कोरडंच वाहायचं ठरवलं. कोरडं कागदावर चिकटेना, म्हणून घड्यांच्या खाचेत सोडलं. एका घडीला मान द्यायचा आणि दुसरीला नाही हे बरं दिसेना, म्हणून बत्तीसच्या बत्तीस घड्यांत चिमूट चिमूट हळद आणि चिमूट चिमूट कुंकू घातलं. कोयरी रिकामी झाली. मग प्रश्न आला बाजूचा. फिल्टरवर एक बाण छापलेला होता आणि व्हिडिओतला पोरगा सांगत होता की बाणाचं टोक खाली पाहिजे. पण बाण खाली केला की कुंकवाची बाजू जात होती वर, म्हणजे बाहेरच्या धुळीच्या तोंडाला. रामहरीला ते पटेना. पूजेचं तोंड घरच्या माणसांकडं असतं, रस्त्याकडं नसतं. त्यानं फिल्टर उलटा केला. थोडं कुंकू आतल्या पंख्यावर सांडलं. मशिनीवर सांडलेलं कुंकू शुभच असतं, असं मनाशी म्हणून त्यानं झाकण लावलं.

कप्पा मात्र परत बसेना. (‘कट्ट’ कशाचं होतं ते आत्ता कळलं.) शेवटी टॉवेलची किनार फाडून त्यानं तो दोन ठिकाणी बांधून टाकला. तीन वाजले होते.

‘‘आता चालू करून बघा की,’’ रेश्मा म्हणाली.

‘‘नाही.’’

‘‘आँ?’’

‘‘ह्या फिल्टरची पहिली हवा चांगुणाची,’’ रामहरी म्हणाला, आणि त्याचा आवाज असा झाला की रेश्मानं पुढं काही टोमणा मारला नाही.

रविवारी वस्तीपर्यंतचा सगळा रस्ता त्यांनी काचा खाली करून काढला. एप्रिलचं ऊन. वळसंग सोडेपर्यंत रेश्माच्या केसांचा रंग बदलला होता. ‘‘गाडीत एसी आसून उन्हाच्या झळांत भाजून निघालेली सोलापुरात मी एकटीच आसंन,’’ एवढंच ती म्हणाली. लुगड्याची पिशवी मात्र तिनं धूळ बसू नये म्हणून पदराखाली धरली होती.

वस्तीवर भावकीतल्या दहाबारा बायका सोप्यात जमल्या होत्या. अंगणात दोनचार पुरुष होते, त्यात बसू नावाचा पंचायतीचा मेंबर. कोंडीबाचा लहानपणापासूनचा जोडीदार. चहा झाला. रेश्मानं लुगडं चांगुणाच्या मांडीवर ठेवलं. चांगुणानं त्यावर हात ठेवला आणि हात तिथंच राहिला. सोळा-सतरा दिवसांत तिची मान बारीक झाली होती. रामहरीनं काल दिवसभर एक वाक्य पाठ केलं होतं, ते ‘‘चांगुणा, माझं...’’ इथपर्यंत आलं आणि बहिणीनं त्याच्या खांद्यावरनं पलीकडं, गोठ्याकडं बघितलं. वाक्य तिथंच संपलं.

‘‘जा,’’ मथुराबाई सुनेला म्हणाल्या. ‘‘चार दिस जा. हितं माझ्या तोंडाकडं बघून तुझं काय हुतंय, आन तुझ्या तोंडाकडं बघून माझं काय हुतंय? जा, बाई.’’

सासूनं सांगितलं म्हणून चांगुणा उठली. मागं बसायला निघाली होती, पण रेश्मानं तिला दंड धरून पुढं बसवलं, कारण गार हवेच्या जाळ्या पुढं होत्या. बायका निरोपाला गाडीभोवती उभ्या राहिल्या. रामहरीनं सगळ्या काचा वर केल्या. गाडी चालू केली. एकदा बहिणीकडं बघितलं. ती समोर बघत होती. मग त्यानं एसीचं बटण दाबलं आणि पंख्याची खुंटी एकदम चारवर नेली.

एक क्षण काही झालं नाही. मग आत कुणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज आला, आणि चारी जाळ्यांतनं लाल-पिवळा ढग बाहेर पडला.

बत्तीस घड्यांचं हळदकुंकू ते. चांगुणाचं कपाळ, नाक, भांग, मांडीवरचं नवं लुगडं, काही काही सुटलं नाही. रामहरीचा पांढरा सदरा नुकत्याच निवडून आलेल्या उमेदवारासारखा झाला. चांगुणा खोकू लागली. रामहरीनं घाबरून खुंटी बंद करायला हात घातला, तर वायपर सुरू झाले. दुसरी ओढली, तर काचेवर पाणी उडालं. रेश्मानं मागनं उतरून पुढचं दार उघडलं, चांगुणाला बाहेर घेतलं, तिच्याच कमरेच्या बटव्यातनं दम्याचा पंप काढून तिच्या तोंडाला लावला आणि नवऱ्याला म्हणाली, ‘‘किल्ली फिरवा, किल्ली!’’

किल्ली फिरली. वायपर अर्ध्यावर थांबले. चांगुणाचा श्वास हळूहळू जागेवर आला. तिनं वर बघितलं, आणि सगळ्यांना ते दिसलं.

‘‘अगं बया! कपाळ बघा तिचं!’’

‘‘पुसा, पुसा आदी!’’ शेजारची गंगम्मा पुढं झाली. ‘‘मानूस जाऊन म्हैना न्हाय झाला अजून!’’

‘‘कुनी पुसायचं न्हाय!’’ हा बसू मेंबर. तो गर्दी बाजूला करत आला आणि त्यानं गाडीचं दार उघडून रामहरीचा लाल हात आपल्या दोन्ही हातांत धरला. ‘‘छलो माडिद्री, अण्णा! लई चांगलं केलं तुमी. दोन वर्सं झाली, बाईचं कपाळ पुसायचं न्हाय, बांगड्या फोडायच्या न्हाईत, आसा ठराव केला आमी पंचायतीत. म्या सोता सही केली. आन कोंडीबाच्या येळला मीच आंगनात खाली मुंडी घालून हुबा व्हतो. ठराव कागदावर ऱ्हायला. तुमी करून दावलं.’’

‘‘अहो, मी फक्त फिल्टर...’’ रामहरी म्हणाला.

‘‘बघा! मोठेपना बी न्हाय मानसाला!’’ बसू बायकांना म्हणाला.

‘‘मोठेपना कसला, मेंबर?’’ गंगम्मा खवळली. ‘‘भनीच्या तोंडावर रंग उडवतो, त्यो भाऊ? शिमगा हाय व्हय?’’

‘‘रंग नाही तो. हळदकुंकू आहे,’’ रामहरी खाली मान घालून म्हणाला, आणि आपण हे कशाला बोललो असं त्याला लगेच वाटलं. आतापर्यंत निदान तेवढी शंकेला जागा होती.

आवाज वाढले. कुणी म्हणालं पाणी आणा. कुणी म्हणालं पाण्यानं डाग पडतो, कोरडंच पुसा. मग काठीचा आवाज आला आणि सगळे वळले. मथुराबाई अंगण ओलांडून येत होत्या. ऐंशीची बाई, तीस वर्षं कोऱ्या कपाळाची. बायकांनी वाट दिली. म्हातारी सुनेसमोर उभी राहिली. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून तिनं ते कपाळ बघितलं. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि हात वर नेला.

हात कपाळापाशी थांबला. 

‘‘त्या दिशी पुसलं त्यो हात बी माझाच व्हता,’’ मथुराबाई म्हणाल्या. कुणाला उद्देशून, ते कळत नव्हतं. ‘‘माझ्याच प्वाराच्या नावाचं कुकू. एकडाव पुसलं. आता पुन्ना न्हाय जमायचं मला.’’ तिनं पदर सोडला. ‘‘कुनाला पुसायचंच आसंल, तर या म्होरं.’’

कुणी पुढं आलं नाही. गंगम्मा आपल्या हातांकडं बघत राहिली. चांगुणानं सासूचे पाय धरले आणि स्वतःच दार उघडून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

अक्कलकोट येईपर्यंत रामहरीनं गाडी हळूच चालवली. एसी बंद होता, काचा खाली होत्या, आणि वारा आत आला की कुठल्यातरी फटीतनं अजून थोडी हळद उडे. रामहरी रस्त्यावरची नजर काढत नव्हता. गाव मागं पडल्यावर शेजारून आवाज आला.

‘‘दादा.’’

सतरा दिवसांत पहिल्यांदा. रामहरीच्या हातातलं स्टेअरिंग हललं.

‘‘मुद्दाम केलंस व्हय?’’

मागच्या सीटवरनं रेश्माचं बोट त्याच्या बरगडीत रुतलं. त्याचा अर्थ स्पष्ट होता. ‘व्हय’ म्हणायचं होतं, बस्स. एवढा एक शब्द समोर ठेवलेला होता, कुणाची सही न घेता उचलून न्यावा असा. तो उचलला की त्या दिवशीचं सगळं फिटत होतं. रामहरीनं तोंड उघडलं.

‘‘नाही गं,’’ तो म्हणाला. ‘‘फिल्टर उलटा बसला माझ्याकडनं.’’

आणि मग त्यानं बाण, बत्तीस घड्या, ओलं आणि कोरडं, पूजेचं तोंड, सगळं क्रमानं सांगितलं. मागं रेश्मानं कपाळावर हात मारलेला ऐकू आला.

चांगुणा बाहेर बघत होती. ‘‘वाटलंच मला,’’ ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, ‘‘त्या दिशी हाक मारली मी तुला.’’

‘‘हो.’’

‘‘त्यास्नी आडव म्हनून न्हाय मारली. तू काय कुनाला आडवनार न्हाईस, ह्ये मला ल्हानपनापासनं ठावं हाय. शाळंत पोरांनी माझी पाटी फोडली तवा बी तू नव्या पाटीचा भाव इचारत बसलावतास. नुसतं जवळ येऊन हुबा ऱ्हावास, एवढंच व्हतं. बोलायचं बी नव्हतं काय. आन तू टायरं बघत बसलास, दादा.’’

रामहरीला काहीतरी बोलणं भाग होतं. ‘‘हवा बरोबर होती,’’ तो म्हणाला.

चांगुणानं त्याच्याकडं बघितलं. आधी तिला हसू आलं. हसताना खोकला आला. आणि खोकला ओसरल्यावर त्याच्या मागनं, सतरा दिवस कुठंतरी अडकून पडलेलं, ते आलं. कोंडीबाचं नाव घेऊन ती ओरडून रडू लागली.

रामहरीनं एका बाभळीखाली गाडी थांबवली. तो उतरला, गाडीला वळसा घालून तिच्या दारापाशी आला आणि उभा राहिला. बोलला नाही. रेश्मानं मागनं नणदेच्या खांद्यांना मिठी घातली होती. एक ट्रॅक्टर गेला, एक यष्टी गेली. यष्टीतल्या लोकांनी काचेतनं ह्या लाल-पिवळ्या माणसांकडं बघितलं, कुणी हातही हलवला. बहुतेक लग्नाचं वऱ्हाड वाटलं असावं. ऊन डोक्यावर होतं आणि बाभळीची सावली तिघांना पुरत नव्हती, म्हणून रामहरी उन्हात उभा राहिला. बहिणीनं त्याची बाही धरून ठेवली होती. पाऊण तासानं तिनं ती सोडली, बाटलीतल्या पाण्यानं हनुवटी, गाल, मान धुतली. कपाळ धुतलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. बसू मेंबर होता. रामहरीनं स्पीकर लावला.

‘‘अण्णा, सोप्यात सगळी बसल्यात, हितं लई कालवा चाललाय. गंगम्मा म्हनती, त्ये चुकून उडालं, गाडी बिघडली व्हती. मी म्हनतो मुद्दाम केलं. तुमीच सांगा एकदा सगळ्यास्नी. फोन मोठा करतो.’’

रामहरीनं फोनवर तळवा ठेवला. ‘‘काय सांगू?’’

‘‘मुद्दाम केलं म्हनून सांग,’’ चांगुणा म्हणाली.

‘‘पण ते खोटं...’’

‘‘दादा, चुकून उडालेलं मला पुसाय लावतील. आज न्हाय तर चार दिसांनी म्हागारी गेल्यावर लावतील. भावानं लावलेलं कोन पुसंल? आन आत्याबाईंनी घरात एकटीनं किती दिस गावाला तोंड द्यावं?’’

रामहरीला ते कळलं. आयुष्यात पहिल्यांदा एक मोठा निर्णय सरळ त्याच्या हातात आला होता आणि तो पुढच्या आठवड्यावर ढकलता येत नव्हता. त्यानं तळवा काढला. छाती भरून श्वास घेतला.

‘‘उपरोक्त हळदकुंकू,’’ तो म्हणाला, ‘‘मी स्वखुशीनं आणि पूर्ण विचारांती...’’

‘‘अवं, पावती वाचल्यावानी काय सांगताय!’’ रेश्मा कुजबुजली. ‘‘दमात बोला की!’’

रामहरी थांबला. त्यानं डोळे मिटले. आणि मग भर उन्हात, अक्कलकोटच्या रस्त्यावर, तो असा ओरडला की बाभळीवरचे दोन होले उडाले. ‘‘मुद्दाम केलं! माझ्या बहिणीचं कपाळ आहे ते! कुणी हात लावायचा नाही!’’

 बोलून झालं होतं. त्यानं डोळे उघडले. रेश्मा त्याच्याकडं बघतच राहिली होती. लग्नानंतर तीस वर्षांत तिनं हा आवाज ऐकला नव्हता.

फोनमधनं खरखर आली. मग बसू म्हणाला, ‘‘हालो? हालो, अण्णा? रेंज गेलती. ‘पूर्ण विचारांती’च्या म्होरचं काय ऐकू न्हाय आलं. पुन्ना बोला की.’’

रामहरीनं परत श्वास घ्यायला तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. शब्द आला नाही. होता तेवढा सगळा वापरून झाला होता.

चांगुणानं त्याच्या हातातनं फोन काढून घेतला. ‘‘आन हिकडं,’’ ती म्हणाली. डोळे पुसले, घसा साफ केला. ‘‘हालो, मेंबर. मी चांगुणा बोलतीया. आत्यास्नी बी ऐकू जाऊ दे. माझ्या दादानं मुद्दाम केलंया. व्हय. दोन दिस खपून केलंया. लई धाडसाचा हाय माझा भाऊ.’’

मग तिनं फोनवर हात ठेवला आणि भावाकडं वळून हळूच म्हणाली, ‘‘आता तू नुसता गप ऱ्हा, दादा. त्ये येतं तुला.’’